मुलाला ड्रम कोअरमध्ये पाठवावं का? आधी त्याला शो आवडतो की सराव, ते बघा

प्रश्न थोडक्यात असा: आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा १६ वर्षांचा आहे, शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये मेलोफोन (भोंगा समोर असलेलं एक पितळी वाद्य) वाजवतो. आता त्याला ड्रम कोअरमध्ये जायचं आहे. म्हणजे अख्खा उन्हाळा घराबाहेर, शाळांच्या जिममध्ये फरशीवर झोपणं, आणि वर हजारो डॉलर फी. आम्ही दोघंही भारतात शिकलो, यातलं आम्हाला काहीच माहीत नाही. हे नेमकं काय असतं? सुरक्षित आहे का? तिथे त्याला परकं तर वाटणार नाही ना? कॉलेज प्रवेशाला उपयोग होतो का? पाठवावं का?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मुलाला कोअरचा शो आवडत असेल तर थोडं थांबा. सराव आवडत असेल तर पाठवा. मी स्वतः मेलोफोनच वाजवायचे. वयोमर्यादा संपेपर्यंत मार्च केलं आणि पुढे बरेच उन्हाळे ब्रास, म्हणजे पितळी वाद्यं, शिकवलं. मधेच सोडून गेलेल्या मुलांमध्ये ज्यांना वाजवता येत नव्हतं अशी फार थोडी होती. बाकीच्यांना हवा होता रात्रीचा बारा मिनिटांचा शो, स्टेडियमचे दिवे, टाळ्या. त्यासाठी दिवसभर उन्हात तेच सोळा काउंट, म्हणजे ठोके, पुन्हा पुन्हा करायचे असतात, हे त्यांना कोणी नीट सांगितलंच नव्हतं. म्हणून मी जरा सविस्तर सांगते.

शाळेचा बँड आणि कोअर दिसायला सारखे, पण आतून बरेच वेगळे. कोअर ही स्वतंत्र ना-नफा संस्था असते, कुठल्याही शाळेची नसते. देशभरातून मुलं ऑडिशन देऊन येतात. क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, बासरी यांपैकी काही नसतं. फक्त ब्रास, पर्कशन आणि कलर गार्ड. पर्कशनचे दोन भाग: मैदानावर चालणारी बॅटरी, म्हणजे स्नेअर, टेनर आणि बेस ड्रम, आणि समोर एका जागी उभा असलेला पिट, ज्यात मरिंबा, व्हायब्राफोन, टिंपनी आणि हल्ली सिंथेसायझरही असतो. कलर गार्डकडे झेंडे, लाकडी रायफली, सेबर आणि नृत्य. वरच्या वर्ल्ड क्लासमधला कोअर १६५ मुलांपर्यंतचा असू शकतो. त्याखाली ओपन क्लास आहे, तिथले कोअर लहान आणि दौराही बहुधा आटोपशीर. वयाची वरची मर्यादा साधारण २१-२२ वर्षं. शेवटच्या वर्षाच्या मुलांना ‘एज-आउट’ म्हणतात, आणि ऑगस्टमधल्या त्यांच्या शेवटच्या रात्री काय रडारड होते ती तुम्ही पुढे बघालच.

हे सुरू झालं पहिल्या महायुद्धानंतर. परतलेल्या सैनिकांच्या संघटनांनी, म्हणजे अमेरिकन लीजन आणि व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स यांच्या स्थानिक शाखांनी, गावोगावी ढोल आणि बिगुलांची पथकं काढली. मोहल्ल्यातली पोरं रस्त्यावर रिकामी फिरण्यापेक्षा शिस्तीत वाजवतील हा हेतू. चर्चनी आणि बॉय स्काउटच्या तुकड्यांनीही काढली. शिकागोजवळचा कॅव्हलिअर्स हा कोअर १९४८ साली एका स्काउट तुकडीतूनच उभा राहिला. पण नियम, परीक्षक, बक्षिसाची रक्कम, सगळं त्या संघटनांच्या हातात. १९७०च्या सुमारास कोअरचे संचालक याला कंटाळले. आपले नियम आपणच ठरवायचे म्हणून त्यांनी ड्रम कोअर इंटरनॅशनल, म्हणजे डीसीआय, ही संस्था काढली. पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झाली आणि कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅनाहाइम किंग्जमेननी ती जिंकली. आजही डीसीआयचा कारभार कोअरच मिळून चालवतात. २००९पासून अंतिम फेरी इंडियानापोलिसच्या लुकस ऑइल स्टेडियममध्ये होते, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास.

‘ड्रम अँड बिगुल कोअर’ या पूर्ण नावात अजून बिगुल आहे, पण खरा बिगुल आता कुणाच्या हातात नसतो. आधी व्हॉल्व्हच (स्वर बदलायच्या कळा) नव्हते, मग एक, मग दोन, १९९०मध्ये तीन. तरी वाद्य ‘जी’ स्वरातलंच हवं असा नियम होता. २०००पासून तोही गेला आणि शाळेच्या बँडमधल्यासारखी बी-फ्लॅट ट्रम्पेट, एफ मेलोफोन, बॅरिटोन, युफोनियम, ट्यूबा आली. तुमच्या मुलासाठी हे सोयीचं आहे. शाळेत शिकलेली बोटं इथे जशीच्या तशी चालतात. जुन्या मंडळींना त्या ‘जी’ बिगुलांच्या करकरीत, अंगावर येणाऱ्या आवाजाची आठवण येते. २००४मध्ये माइक आले, २००९मध्ये इलेक्ट्रॉनिक वाद्यं आली, तेव्हाही मोठे वाद झाले. माझं मत विचाराल तर माइकमुळे मरिंबाचे बारकावे प्रेक्षकांपर्यंत पोचायला लागले हे फार चांगलं झालं. सिंथेसायझरचा बेस मात्र पुष्कळ कोअर इतका चढा ठेवतात की खाली ट्यूबाची मुलं काय वाजवतात ते कळत नाही, आणि ती मुलं तर जिवाच्या आकांताने वाजवत असतात. हे मला अजूनही पटत नाही.

आता सराव म्हणजे काय. अमेरिकन फुटबॉलचं मैदान १०० यार्ड लांब आणि ५३ यार्डांहून थोडं जास्त रुंद असतं. दर पाच यार्डांवर रेघ. मूळ पाऊल असं बसवलेलं असतं की पाच यार्डांत बरोबर आठ पावलं पडावीत, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं. प्रत्येक मुलाकडे स्वतःची डॉट बुक असते. संगीताच्या ठराविक क्षणी तो कुठे उभा असायला हवा, त्याची नोंद तीत असते: डाव्या बाजूच्या पस्तीसच्या रेघेपासून तीन पावलं आत, पुढच्या हॅशपासून (मैदानाच्या लांबीला समांतर असलेल्या तुटक खुणांपासून) सहा पावलं मागे, अशी. अशा जागा एका शोमध्ये शंभरच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त. दोन जागांमधलं अंतर किती काउंटमध्ये कापायचं त्यावरून पावलाची लांबी बदलते. चालताना वरचं शरीर कायम प्रेक्षकांकडे, पाय मात्र भलतीकडे. मागे चालताना टाचा जमिनीला लागू द्यायच्या नाहीत. आणि हे सगळं तोंडाला लावलेलं वाद्य न हलवता. मेलोफोनचा भोंगा समोर असतो, त्यामुळे वाद्याचं सगळं वजन हाताच्या पुढे पडतं. पहिले दोन आठवडे मुलांचे खांदे पेटलेले असतात.

त्याहून अवघड गोष्ट ऐकण्याची आहे, आणि मला विचाराल तर कोअरमध्ये शिकायला मिळणारी सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. खोलीत बसून वाजवताना हे कधी लक्षात येत नाही. मैदानावर दोन वादकांमध्ये तीस यार्डांचं अंतर असेल, तर एकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत पोचायला सेकंदाचे सुमारे आठ शतांश लागतात. लय मिनिटाला १८० ठोक्यांची असेल तर ठोक्याचा चौथा भाग होतो जवळजवळ तेवढाच. म्हणजे दोघंही आपापल्या परीने अगदी अचूक वाजवत असतात आणि प्रेक्षकांना मात्र एक जण पाव ठोका मागे ऐकू येतो. दोघंही ड्रम मेजरच्या, म्हणजे समोर उभं राहून हाताने लय दाखवणाऱ्याच्या, हाताकडे बघून वाजवतात, तरीही. किंबहुना दोघंही त्याच्याकडे बघतात म्हणूनच. हात सगळ्यांना एकाच क्षणी दिसतो, आवाज मात्र पुढच्याचा आधी आणि मागच्याचा नंतर पोचतो.

यावर उपाय असा: जो सगळ्यात मागे आहे त्याने हाताकडे बघायचं आणि समोरून येणारा आवाज कानांआड करायचा. जो पुढे आहे त्याने मागून येणारा आवाज ऐकायचा आणि त्याच्याबरोबर वाजवायचं. मग मागचा आवाज पुढे येता येता पुढच्यांना सोबत घेतो आणि स्टँडमध्ये सगळं एकदम पोचतं. पिट तर प्रेक्षकांच्या अगदी पुढ्यात असतो, त्यामुळे त्यातली मुलं बहुतेक वेळा ड्रम मेजरकडे न बघता मागच्या बॅटरीवर कान ठेवून वाजवतात. ड्रम मेजर स्वतः मधल्या स्नेअर वाजवणाऱ्याच्या पायांवर नजर ठेवून असतो. ऐकायला सोपं वाटतं ना? पण शोमध्ये मुलगा मिनिटभर मागे असतो, मग पळत पुढे येतो, मग एका कडेला जातो. दर खेपेला कानांवर विश्वास ठेवायचा की डोळ्यांवर, ते बदलतं. हे पाठांतराने येत नाही. त्यासाठी ज्या जागी उभं राहायचं त्याच जागी, त्याच वेगात, त्याच दमलेल्या अवस्थेत शेकडो वेळा वाजवावं लागतं. म्हणून दिवसाचे ते दहा-बारा तास.

मेच्या मध्यापासून किंवा शेवटापासून जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत एकाच जागी मुक्काम असतो. याला स्प्रिंग ट्रेनिंग म्हणतात. सकाळी व्यायाम, मग तीन-एक तास नुसतं चालणं, जेवण, दुपारी वाद्यांप्रमाणे वेगवेगळा सराव, संध्याकाळी सगळे एकत्र, ते रात्री नऊ-दहापर्यंत. मग दौरा सुरू होतो. संध्याकाळी स्पर्धा, नंतर ट्रक भरायचा, रात्रभर बसमध्ये झोपायचं, पहाटे कुठल्या तरी गावातल्या हायस्कूलच्या जिममध्ये उतरून अंथरूण पसरायचं, सकाळी उठून पुन्हा सराव. बस, सामानाचे मोठे ट्रक, स्वयंपाकाचा ट्रक असा ताफा असतो. दिवसातून चार वेळा खायला मिळतं. शाकाहारी मुलांची सोय बहुतेक ठिकाणी होते, पण अर्जात स्पष्ट लिहा आणि डाळ-बीन्स पुरेशा असतात का ते फोन करून विचारा. नुसत्या पास्त्यावर हे श्रम झेपत नाहीत.

शरीराबद्दल तीन गोष्टी. सनस्क्रीन दर दोन तासांनी, आणि पाण्याचा मोठा कॅन कायम मैदानाच्या कडेला. उष्माघात हा खरा धोका आहे, मुलाने चक्कर किंवा मळमळ लपवली तर शौर्य समजू नये. कानांत प्लग हवेतच. बॅटरीच्या शेजारी उभं राहणाऱ्या ब्रासच्या मुलांनाही. आणि बुटांचा एक जोड आधीपासून वापरून मऊ झालेला असावा. दमा किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. वैद्यकीय तपासणीचा फॉर्म तसाही मागतातच.

आपल्याकडची बरीच मुलं न्यू जर्सीत, शिकागोत, बे एरियात गणपतीच्या ढोल-ताशा पथकांत वाजवतात. तुमचा मुलगा पथकात असेल तर त्याचा फायदा आहे: वजन अंगावर घेऊन तासन् तास उभं राहण्याची सवय, आणि शेजारच्याच्या हाताबरोबर हात पडला पाहिजे ही जाण. एक सवय मात्र सोडावी लागेल. पथकात रंग चढतो तशी लय चढते, आणि तिथे ती चढायलाच हवी. कोअरमध्ये स्पीकरवर लावलेल्या मेट्रोनोमबरोबर (ठरलेल्या वेगाने टिकटिक करणाऱ्या यंत्राबरोबर) तास-तास सराव होतो, आणि उत्साहात पुढे गेलेली लय ही चूकच.

गुणांबद्दल पालक फार घोळ घालतात, म्हणून हेही सांगते. एकूण १०० गुण. त्यातले ४० एकंदर परिणामाचे, ३० दृश्याचे, ३० संगीताचे. ब्रास, पर्कशन, कलर गार्ड यांना वेगळे परीक्षक असतात. पूर्वी ‘टिक’ पद्धत होती: परीक्षक चुका मोजायचा आणि प्रत्येक चुकीमागे दशांश गुण कापायचा. १९८४पासून ती गेली. आता काय करायला घेतलंय आणि ते किती साध्य झालंय, या दोन्हींचा विचार होतो. माझ्या मते हा बदल झाला म्हणूनच आजचं मैदानावरचं काम इतकं धाडसी झालं. चुका मोजणाऱ्यापुढे कुणी पळत पळत वाजवायला धजत नाही. जूनमध्ये कोअरला साठ-सत्तर मिळाले म्हणून घाबरू नका. परीक्षक पुढच्या सुधारणेला जागा ठेवतात, आणि शोही पूर्ण बसलेला नसतो. ऑगस्टपर्यंत चांगले कोअर नव्वदीत जातात. आजवरचा सर्वाधिक गुणांक ब्लू डेव्हिल्सचा, २०१४ सालचा ९९.६५. कॅलिफोर्नियातल्या कॉनकॉर्डच्या या कोअरने सगळ्यात जास्त अजिंक्यपदं मिळवली आहेत. आणि फरक किती बारीक असतो बघा: २००८मध्ये रॉकफर्डच्या फँटम रेजिमेंटने त्याच ब्लू डेव्हिल्सना हरवलं, ९८.१२५ विरुद्ध ९८.१००. १९९६, १९९९ आणि २०००मध्ये तर अजिंक्यपद दोन कोअरमध्ये विभागून द्यावं लागलं. एवढ्या फरकावर उन्हाळ्याची किंमत ठरवायची नसते. बोस्टन क्रुसेडर्स १९४०चा कोअर, त्यांनी डीसीआयचं पहिलं अजिंक्यपद मिळवलं २०२५मध्ये. मधल्या इतक्या वर्षांत तिथे वाजवून गेलेल्या मुलांपैकी कुणीही ‘आमचं वय वाया गेलं’ म्हणताना मला भेटलेलं नाही.

परदेशातून आलेल्यांच्या मुलांना तिथे परकं वाटेल का, ही काळजीही तुमच्या पत्रात मला दिसली. सॅक्रामेंटोचा मँडरिन्स हा कोअर १९६३ साली तिथल्या चिनी-अमेरिकन समाजाने आपल्या मुलांसाठी सुरू केला. आज तो वर्ल्ड क्लासमध्ये वरच्या कोअरांशी स्पर्धा करतो आणि तिथे सगळीकडची मुलं असतात. जपानमधूनही दरवर्षी मुलं अमेरिकेत येऊन मार्च करतात. माझ्या अनुभवात तरी पहिल्या आठवड्यानंतर कोण कुठला हे विचारायला कुणाला वेळ उरत नाही. शेजारचा आपल्या जागी वेळेवर पोचतो का, एवढंच बघतात.

सुरक्षिततेबद्दल मात्र मी काही झाकणार नाही. हे क्षेत्र बराच काळ याबाबतीत निष्काळजी होतं. २०१८मध्ये द कॅडेट्स या दहा अजिंक्यपदं मिळवलेल्या कोअरच्या प्रमुखावर अनेक स्त्रियांनी लैंगिक अत्याचाराचे आरोप केले, वर्तमानपत्रात ते सविस्तर छापून आले आणि त्याला पद सोडावं लागलं. १९३४ साली तुमच्याच न्यू जर्सीत सुरू झालेला तो कोअर एप्रिल २०२४मध्ये बंद झाला. जुन्या अत्याचाराबद्दलच्या खटल्याचा भार संस्थेला पेलवला नाही. मला त्या कोअरच्या संगीताबद्दल अपार आदर आहे. १९८३ ते ८५ अशी सलग तीन वर्षं जिंकताना त्यांनी मैदानावरच्या हालचालीची कल्पनाच बदलून टाकली. तरीही मुलांच्या जिवापुढे तो वारसा मोठा नाही. त्यानंतर पार्श्वभूमीची तपासणी, तक्रार कुठे करायची याचे नियम, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण हे सगळीकडे कडक झालं. पण नियम कागदावर असणं आणि पाळले जाणं यांत अंतर असतं, ते तुम्हीच तपासायचं.

कसं तपासायचं? कोअरला सरळ विचारा: अठरा वर्षांखालची मुलं कुठे झोपतात, रात्री जिममध्ये आणि बसमध्ये जबाबदार कोण असतं, कर्मचारी मुलांना खासगी मेसेज पाठवू शकतात का, दौऱ्यावर वैद्यकीय जाणकार सोबत असतो का, तक्रार संचालकाबद्दलच असेल तर ती कुणाकडे जाते. या शेवटच्या प्रश्नावर जो चाचरतो, तिथे पाठवू नका. आणि दुसरा मार्ग, जो मला सगळ्यात खात्रीचा वाटतो: तुम्ही स्वतः आठवडाभर स्वयंपाकाच्या ट्रकवर जा. प्रत्येक कोअरला स्वयंसेवक हवेच असतात. तुमचीही पार्श्वभूमी तपासतील, आणि तपासत नसतील तर तेही कळेल. दोनशे माणसांचा कांदा चिरताना तुम्हाला तो कोअर जितका दिसेल तितका कुठल्याही माहितीपत्रकात दिसणार नाही. शिक्षक मुलांशी कसे बोलतात, दमलेल्या मुलाला सावलीत बसवतात की ओरडतात, मुलं जेवायला हसत येतात की मान खाली घालून, सगळं दिसतं.

पैशाचं. वर्ल्ड क्लासची फी साधारण चार ते सहा हजार डॉलरच्या घरात असते, कुठे थोडी जास्त. त्यात शिकवणं, राहणं, जेवण, बस येते. हिवाळ्यातल्या महिन्यागणिक कॅम्पना जाण्यायेण्याचा विमानखर्च, बूट, हातमोजे हे वेगळं, आणि कॅलिफोर्नियातला कोअर निवडलात तर हा प्रवासखर्चच डोळ्यांत पाणी आणतो. म्हणून पहिल्या वर्षी गाडीने जाता येईल असा कोअर बघा. मुलांच्या फीतून सगळा खर्च भागत नाही; बाकी देणग्या आणि इतर उत्पन्नावर चालतं. कॅलिफोर्नियातले कोअर वर्षानुवर्षं बिंगोच्या खेळांवर पैसा उभा करत आले आहेत. तरीही तारेवरची कसरतच असते. सांता क्लारा व्हॅनगार्डसारखा सात अजिंक्यपदांचा कोअर २०२३मध्ये आर्थिक अडचणीमुळे मैदानात उतरला नाही, २०२४मध्ये परतला. म्हणून फी भरण्याआधी ‘हंगाम रद्द झाला तर पैशाचं काय’ हे लेखी घ्या. हप्ते मिळतात, शिष्यवृत्त्या मिळतात. मुलं नातेवाइकांना, ओळखीच्या दुकानदारांना पत्रं लिहून मदत मागतात. आपल्या घरांत हे फार अवघड वाटतं, मागायचं कसं, लोक काय म्हणतील. त्याला स्वतःला लिहू द्या. तुम्ही त्याच्या वतीने लिहू नका.

कॉलेज प्रवेशाला फार उपयोग होईल अशी आशा धरू नका. अर्जावर ती एक ओळ असते. संगीत शिक्षणाचा अभ्यासक्रम घ्यायचा असेल तर गोष्ट वेगळी; तिथे मुलाखत घेणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी स्वतः मार्च केलेला असतो आणि त्याला या उन्हाळ्याचा अर्थ ठाऊक असतो. पण इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी म्हणून कुणी कोअरमध्ये गेला, तर जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात टेक्सासच्या उन्हात त्याला तिथे धरून ठेवायला ते कारण पुरत नाही.

याहून महत्त्वाची अडचण तारखांची आहे आणि न्यू जर्सीतल्या पालकांना ती हमखास गाठते. तुमच्याकडे शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालते. मुक्काम मात्र मेमध्येच सुरू होतो. एपी (हायस्कूलमध्ये घेतलेल्या कॉलेज-पातळीच्या विषयांच्या) परीक्षा मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत संपतात, पण वर्गाच्या अंतिम परीक्षा राहतात. काही कोअर शाळकरी मुलांना उशिरा यायची किंवा परीक्षेपुरतं परत जायची सवलत देतात, काही देत नाहीत. ऑडिशनच्या वेळीच विचारा. आणि शाळेच्या समुपदेशकाला जानेवारीत भेटा, मेमध्ये नाही. त्याच्या बँड डायरेक्टरचं एक पत्र तिथे फार कामाला येतं.

आता त्याची तयारी. ऑडिशन नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये असतात, व्हिडिओनेही देता येतात. पण माझा सल्ला, गाडीने जाता येईल अशा एका तरी कॅम्पला प्रत्यक्ष जाऊ द्या. आधी सरावाचं पॅकेट मिळतं. मुलं त्यातली सगळ्यात वेगवान ओळ आधी घोकतात आणि तिथेच फसतात. आम्ही शिकवणारे पहिल्या दोन स्वरांतच बरंच काही ओळखतो: श्वास कसा घेतला, स्वर सुरू होताना फुटला का, मधे हलला का. रोज वीस मिनिटं लांब स्वर, ट्यूनर समोर ठेवून, हळू आवाजात. मेलोफोनचा ट्यूनिंगचा स्वभाव जरा वेडावाकडा असतो, त्याच्या कुठल्या बोटांवर कुठला स्वर चढतो ते त्याने वहीत लिहून काढावं. मग तेच स्वर जागच्या जागी पावलं टाकत, मेट्रोनोमवर. आरशासमोर उभं राहून वाद्य खांद्याच्या रेषेत धरायचं, आधी मिनिटभर, मग दोन, मग पाच. आणि धावायला सुरुवात करू द्या. वाजवण्यात कमी पडलेला मुलगा महिनाभरात सुधारतो, दमात कमी पडलेला स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये दुखापत करून घेतो.

पहिल्याच वर्षी वरच्या कोअरमध्ये घेतील असं समजू नका. बहुतेकांना आधी नकारच येतो. मग ओपन क्लासचा कोअर बघावा. तिथे सोळा वर्षांच्या मुलाकडे शिक्षकांचं जास्त लक्ष जातं, आणि खरं सांगायचं तर पहिल्या उन्हाळ्यासाठी मी तोच सुचवेन, वर्ल्ड क्लासमध्ये जागा मिळत असली तरी. हिवाळ्यात इनडोअर विंड्स (बंदिस्त जागेत वाजवणारे फुंकवाद्यांचे) किंवा पर्कशनचे गटही असतात. डब्ल्यूजीआय ही संस्था त्यांच्या स्पर्धा घेते; तिची अंतिम फेरी दर एप्रिलमध्ये ओहायोतल्या डेटनला होते. तिथे शनिवार-रविवारचाच सराव, त्यामुळे शाळा बुडत नाही आणि ही कामाची पद्धत अंगवळणी पडते.

पण या सगळ्याच्या आधी एक करा. तुमच्यापासून जवळ, पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलनटाउनला, वर्षानुवर्षं ऑगस्टच्या सुरुवातीला दोन रात्रींची मोठी स्पर्धा होत आली आहे. तिथे किंवा त्या आसपासच्या कुठल्याही स्पर्धेला त्याला घेऊन जा, पण रात्री सातला नको. कोअर दुपारी जवळच्या कुठल्या तरी शाळेच्या मैदानावर सराव करत असतात आणि बहुतेक वेळा कुणीही कडेला उभं राहून बघू शकतं. पाणी घ्या, टोपी घ्या, आणि तीन तास उभे राहा. तेच आठ काउंट पुन्हा पुन्हा होतील. शिक्षक थांबवेल, चार शब्द बोलेल, सगळे धावत परत आपल्या जागी जातील आणि पुन्हा तेच. तुम्हाला अर्ध्या तासात कंटाळा येईल, ते साहजिक आहे. त्या वेळी मैदानाकडे बघू नका, मुलाकडे बघा. तो फोन काढतो का, की पुढे सरकत सरकत साइडलाइनवर जाऊन मेलोफोनच्या रांगेची बोटं बघत उभा राहतो? दुसरं झालं, तर घरी येऊन नोव्हेंबरच्या कॅम्पचं नाव नोंदवा. तिथून त्याला लेखी अभिप्राय मिळेल, घेतलं नाही तरी बहुतेक ठिकाणी देतात. तो फाइलला लावून ठेवा, पुढच्या वर्षीची तयारी त्यावरूनच करायची आहे.